जावयासमोर बझर

जळगावात मे महिन्यात चमकीचा कोट घालून उभं राहायला माणूस एकतर नवरदेव लागतो, नाहीतर वेडा. मी दोन्ही नव्हतो. मी सूत्रसंचालक होतो, म्हणजे दोघांच्या मधला. वय बावन्न, आवाज खणखणीत, गुडघे कुरकुरीत. खोलीतला कूलर बंद केलेला, कारण त्याची घरघर माइकमध्ये शिरत होती. घामाचा एक ओघळ कानामागून निघून कॉलरमध्ये उतरत होता आणि मी हसत होतो. माझ्या धंद्यात हे पहिलं शिकावं लागतं. आत काहीही उतरत असो, वर दात दिसले पाहिजेत.

सव्वीस वर्षं मी या जिल्ह्यात माइक धरला होता. दुकानांची उद्घाटनं, शाळांची स्नेहसंमेलनं, गणपतीतल्या स्पर्धा, आणि लग्नात वरात यायला उशीर झाला की वऱ्हाडाला गुंगवून ठेवायचं काम. फैजपूरला एकदा वरात अडीच तास उशिरा आली. तोवर मी एकट्याने मांडव असा धरून ठेवला की नवरदेव दारात आला तेव्हा मुलीचे काका म्हणाले, "जरा थांबा, यांचं संपू द्या." माझी बायको म्हणते उशीर एक तासाचाच होता आणि काका तसं काही म्हणाले नाहीत. ती त्या लग्नाला आली नव्हती, एवढंच मी नोंदवून ठेवतो.

पण माझं खरं वेड वेगळं होतं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता आणि त्यावर एकच वाहिनी. आठवड्यातून एकदा प्रश्नमंजूषा लागायची. दोन संघ, दोन बझर, मध्ये एक गृहस्थ. ते लिफाफा उघडायचे, प्रश्न वाचायचे, स्पर्धकाचं उत्तर ऐकायचे आणि म्हणायचे, "तुमचं उत्तर…" आणि थांबायचे. बस्स, थांबायचे. त्या थांबण्यात आमच्या गल्लीतले तीस लोक श्वास धरून बसलेले मी पाहिले आहेत. चहाची बशी ओठांपाशी अडकलेली पाहिली आहे. राजाला नसेल एवढी सत्ता त्या माणसाच्या गप्प बसण्यात होती. मला ती हवी होती. डॉक्टर व्हायचं, कलेक्टर व्हायचं ही पोरांची स्वप्नं झाली. मला असं थांबायचं होतं.

मी सूत्रसंचालक झालो, थांबायला शिकलो, आणि पुढे लोकांनीच थांबणं सोडलं. मंडळांना डीजे हवा झाला. लग्नात मोठ्या पडद्यावर आधीच चित्रित केलेला नवरदेव नाचू लागला. गेल्या दोन वर्षांत माझ्या हातात माइक आला तो बहुतेक वेळा "पांढऱ्या रंगाची गाडी कोणाची आहे, कृपया बाजूला घ्यावी" एवढं सांगण्यापुरता.

एकच जागा उरली होती. एका शेठचं शहरात स्थानिक केबल होतं. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या इथं, त्यामुळे माझ्यापेक्षा चांगली अहिराणी बोलायचे. दुकानाच्या वर त्यांची एक खोली होती. तिथून भजनं, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि शहरातल्या बातम्या सुटायच्या. कनेक्शनं कमी होत चालली तशी शेठनी ती खोली बंद करायचं ठरवलं. तिथं मोबाइलच्या पेट्या ठेवायच्या होत्या.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. उभं राहून मागितलं असतं तर ती विनंती झाली असती. बसून मागितलं की योजना वाटते.

"शेठ, जुन्या टीव्हीवरचे खेळ पुन्हा आणू. नव्या लोकांसाठी, नव्या पद्धतीने. मोठ्या वाहिन्याही तेच करतात. जुनाच खेळ, नवे कपडे."

"भाऊ, लोक पंधरा सेकंदांत अंगठा फिरवून पुढे जातात. तुमचा तो लिफाफा उघडायलाच पंधरा सेकंद लागतात."

"लिफाफा काढून टाकतो."

"मोठ्या वाहिन्यांकडे नट आहेत."

"तुमच्याकडे मी आहे."

शेठ हसले नाहीत. हसले असते तर मी निर्धास्त झालो असतो.

"एक भाग करा," ते म्हणाले. "रविवारी चार वाजता. केबलवर आणि मोबाइलवर, दोन्हीकडे लाइव्ह. माणसं टिकली तर दर रविवारी करू. नाही टिकली तर मंगळवारी पेट्या येतील."

मला घरी जाताना रस्ता दिसत नव्हता. आनंदाने नव्हे. मला माहीत होतं की हे गेलं तर या जिल्ह्यात मला उभं राहायला दुसरी जागा नाही. बायकोने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "हो म्हणाले." ती म्हणाली, "मग चेहरा असा का?" मी म्हणालो, "तालीम करतोय."

आता नवेपणा. इलेक्ट्रिशियनने दोन जुन्या स्कूटरचे हॉर्न आणून बझर म्हणून टेबलांना बसवले, एकावर लाल दिवा, एकावर हिरवा. प्रश्न छोटे केले. स्पर्धक जोडपी घेतली, कारण नवरा-बायको एकमेकांकडे ज्या नजरेने बघतात ती कुठलाही नट करू शकत नाही. अर्ज मागवले, फोनवरून चाचणी घेतली आणि दोन जोडपी निवडली, एक पारोळ्याचं आणि एक धुळ्याचं. दोन्ही पाणीदार. पारोळ्याचे आबा आणि अक्का साठीच्या आसपासचे, पण उत्तरं अशी देत होते की प्रश्न संपायच्या आत फोन गरम. धुळ्याचं जोडपं तिशीतलं, तितकंच तल्लख.

आणि एक जुनी युक्ती मी ठेवली, माझ्या लाडाची. समोर कोण आहे हे पडदा उघडेपर्यंत कोणालाच कळू द्यायचं नाही. चौघांना फोनवर शपथ घातली, "कार्यक्रमाचं कोणालाही सांगायचं नाही. घरच्यांनासुद्धा नाही. रहस्य पाहिजे!"

कॅमेऱ्यावर एक नाना होते. तीस वर्षं खान्देशातल्या लग्नांचं चित्रण केलेला माणूस. त्यांनी निवडलेल्यांचे अर्ज बघितले आणि विचारलं, "भाऊ, सोयरीक विचारली का यांची?"

"नाना, खेळ आहे. स्थळ बघायचं नाहीये."

आमच्याकडे नवा माणूस भेटला की तीन गोष्टी विचारतात. नाव, गाव, आणि मामा कुठले. तिसऱ्या प्रश्नाशिवाय कोणी पाण्याचा पेलाही पुढे करत नाही. मी आयुष्यभर तो विचारत आलो. फक्त या वेळी, आधुनिक व्हायच्या नादात, नाव आणि गावावर थांबलो.

रविवारी चार वाजता खोलीत पंचवीस खुर्च्या भरल्या. शेठनी स्टँडवर एक मोबाइल माझ्याकडे तोंड करून ठेवला होता. किती लोक बघताहेत तो आकडा त्यावर दिसत होता. एकशे चाळीस. मी स्वागत केलं, दोन्ही संघांची स्तुती केली, हात उंच केला आणि म्हणालो, "आणि आता… पडदा…" आणि थांबलो. एकशे चाळीसचे एकशे बावीस झाले. मी घाईने म्हणालो, "उघडा!"

दोन्ही टेबलांमधला पडदा सरकला. डावीकडे पारोळ्याच्या अक्का, उजवीकडे धुळ्याच्या जोडप्यातली बायको. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग अक्का पुढे झुकल्या.

"काय वं, तू तं दवाखानामा गयती ना आज?"

"अन तू लगीनले गयती ना माय?"

खोली फुटली. लोक खुर्च्यांवर मागे पुढे होऊन हसले. धुळ्याची सून म्हणजे अक्कांची लेक, आणि तिच्या शेजारी ताठ बसलेला तो गृहस्थ म्हणजे पारोळ्याचा जावई. लेकीचं सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे अर्जावरून मला काही कळलं नव्हतं. आणि माझी शपथ पाळण्यासाठी मायलेकी सकाळी फोनवर एकमेकींना थापा मारून घराबाहेर पडल्या होत्या. आकडा दोनशे ऐंशीवर गेला. मला वाटलं, देव आहे.

देव पहिल्या प्रश्नापर्यंत होता.

"खान्देशातून वाहत जाऊन अरबी समुद्राला मिळणारी मोठी नदी कोणती?"

कोणी बझर दाबला नाही. मी पुन्हा विचारलं. आबा टेबलाकडे बघत होते. जावई छताकडे बघत होते. कोणाच्याही हाताचं बोट हललं नाही.

"आबा, तापीकाठची माणसं आपण," मी म्हणालो आणि जीभ चावली. उत्तर मीच देऊन बसलो होतो. तरी कोणी दाबेना.

दुसरा प्रश्न मुद्दाम पारोळ्याचा काढला. "पारोळ्याच्या किल्ल्याभोवती काय खोदलेलं आहे?" आबांचं घर किल्ल्याच्या इतकं जवळ होतं की त्यांनी फोनवर मला खंदकाची खोली वर्णन करून सांगितली होती. आता हात मांडीवर.

मी त्यांच्या टेबलाशी गेलो आणि माइक खाली धरून कुजबुजलो, "आबा, येतंय ना?"

"येतं ना. का नाही येणार?"

"मग दाबा की."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना मंदिरात चप्पल घालायला सांगितली आहे. "भाऊ, जवाई शे आमना. त्यास्नापुढे मी बटन दाबू? बठ्ठा गाव हासी."

मी धावत धुळ्याच्या टेबलाशी. "जावईबापू, तुम्ही तरी दाबा."

"सासऱ्यांच्या आधी?" ते म्हणाले. "वडील माणसं बसली आहेत. आधी त्यांना बोलू द्या."

"ते म्हणतात आधी तुम्ही."

"त्यांचा मोठेपणा आहे तो."

आकडा एकशे नव्वद. मी तिसरा प्रश्न विचारला, धुळ्याचा. शहर कोणत्या नदीच्या काठी? जावई नम्रपणे आबांकडे हात करून बसले. चौथा विचारला. मी गाणं म्हटलं. मी स्कूटरच्या हॉर्नवर एक विनोद केला, ज्यावर नानासुद्धा हसले नाहीत, आणि नाना लग्नातल्या कुठल्याही विनोदावर हसतात. आकडा एकशे वीस. शंभर. ब्याऐंशी. मी दर वेळी तोंड उघडलं की तो उतरायचा आणि मी नाट्यमय थांबलो की धाडकन उतरायचा. माणसाला आयुष्यात आपली किंमत एवढ्या नेमकेपणाने, एवढ्या ताबडतोब कळू नये. मी सव्वीस वर्षं समजत होतो की माझ्या थांबण्यात लोक अडकतात. समोरचा मोबाइल सांगत होता की ते तेवढ्यात निघून जातात.

खोलीच्या मागे शेठ उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं नाही. खोलीची लांबी बघितली. भिंतीपासून भिंतीपर्यंत, पेट्या कशा बसतील तसं.

मग मला सुचलं. सुचलं म्हणणं खोटं आहे. बुडणारा हात मारतो, तसा मी हात मारला.

"नियम बदलला!" मी ओरडलो. "ज्याचं उत्तर बरोबर, त्याचा गुण समोरच्या संघाला! आबा, ऐका, तुम्ही उत्तर दिलं की गुण पाव्हण्यांना, म्हणजे जावयांना!"

मग आबांनी बझरवर असा पंजा मारला की स्कूटरचा हॉर्न अडकला आणि थांबेचना.

"तापी!" त्या आवाजावर आवाज काढून ते ओरडले. "अन तो खंदक! दोन! लिहा पाव्हण्यांच्या नावावर!"

जावई उठूनच उभे राहिले. "पांझरा! आबांना द्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खडूने फळ्यावर पाव्हण्यांच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या, पारोळ्याच्या नावाखाली एक. आकडा चढू लागला. एकशे पन्नास, दोनशे दहा. मी पुढचा प्रश्न विचारला, जावयांनी बरोबर उत्तर दिलं, म्हणजे गुण पारोळ्याला. दुसरी रेघ ओढतो तोच अक्का उठल्या.

"थांबा! हाई काय चालनं?"

"अक्का, गुण मिळाला तुम्हाला."

"आंडेरना घरनं आम्ही पानी बी पेतस नही, अन तुम्ही आमना नावे गुण लिखी ऱ्हायनात? पुसा ते!"

लेकीच्या घरचं पाणीही पीत नाहीत आमच्याकडे जुनी माणसं. दिवसभर लेकीकडे राहतील, पण स्वतःची बाटली बरोबर. मी या मातीतला, आणि मी त्या बाईंच्या नावावर लेकीच्या घरचे दोन गुण चढवले होते. पुसता येईनात, कारण जावई पुसू देईनात. मग एकच उपाय उरला. घेतलेलं परत करायचं, आणि वर चार जास्त.

त्यानंतर जे झालं त्याला मी खेळ म्हणणार नाही. आबा आणि अक्का दोघं मिळून एक हॉर्न दाबत होते. जावई आणि लेक दुसरा. लेक म्हणत होती, "माय, घे ना एक तरी!" आणि माय म्हणत होती, "तूच ठेव, तुले संसार शे!" पंचवीस प्रेक्षक दोन बाजूंना वाटले गेले आणि कोण जास्त देतं यावर भांडायला लागले. मोबाइलवर पाचशे.

आणि याच वेळी, माझ्या सगळ्यात उत्तम क्षणी, मला सवय नडली. अक्कांनी एक अवघड उत्तर दिलं, मी हात वर केला, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "अक्का… तुमचं उत्तर…"

आकडा चारशे साठ.

"भाऊ," अक्का म्हणाल्या, "तुम्ही गैरा येळ थांबतस. द्या आठे." आणि माझ्या हातातून माइक घेतला.

काढून घेतला असं म्हणवत नाही. पोळपाटावर सुनेची पोळी गोल होत नसली की सासू लाटणं घेते, तसा घेतला. माझ्या हातातली प्रश्नांची कार्डं दुसऱ्या हाताने घेतली आणि भराभर वाचायला लागल्या, अहिराणीत, मध्ये मध्ये शेरे मारत. "हाई तं पोरंबी सांगतीन. पुढे." कार्डं संपली. संपली तर संपली. त्या जावयाकडे वळल्या.

"जवाईबापू, मनी आंडेरले कोन्ती भाजी आवडत नही?"

लग्नाला सात वर्षं झालेली. जावयांनी बायकोकडे बघितलं. तिने नजर दुसरीकडे वळवली.

"गिलकं?" ते म्हणाले.

"गिलकं तर मला जीव की प्राण!" लेक म्हणाली. "दर बुधवारी करते मी!"

खोलीचं काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण मी कोपऱ्यात कोट काढून उभा होतो आणि स्वतःच हसत होतो. हसता हसता माझ्या लक्षात आलं की मोबाइलचा आकडा हजाराच्या पुढे गेला आहे आणि माझे दोन्ही हात रिकामे आहेत.

कार्यक्रम संपला तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती. कूलर सुरू केला. चहा आला. पाव्हण्यांकडे तीन गुण जास्त गेले होते, म्हणून अक्का प्रसन्न होत्या. शेठ आमच्यात येऊन बसले. ते आडपडदा ठेवणारे गृहस्थ नव्हते.

"दर रविवारी करू," ते म्हणाले. "प्रश्न भाऊ काढतील, जोडपी भाऊ निवडतील. एकमेकांचे सोयरेच निवडा, मुद्दाम. माइक अक्कांकडे. अक्का असतील तर कार्यक्रम, नाहीतर मंगळवारी पेट्या."

मी माझ्या चहाकडे बघितलं.

अक्का एकदम गंभीर झाल्या. माइक त्यांनी टेबलावर माझ्या बाजूला सरकवला. "नाही, शेठ. ते भाऊंचं काम आहे. दुसऱ्याच्या ताटातलं मी कसं घेऊ?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बरोबरच होतं. माझ्या ताटातलं होतं, त्यामुळे वाढायचंही मीच.

आमच्याकडे आग्रहाचा एक हिशेब आहे. पहिल्या आग्रहाला हो म्हणणारा हावरट, दुसऱ्याला म्हणणारा उतावळा, आणि तिसऱ्यालाही नाही म्हणणारा माजोरडा. त्यामुळे शहाणा माणूस दोनदा नाही म्हणतो. आग्रह करणाऱ्याच्या मनात खरोखर नसेल तर तो दोनदा करून थांबतो. कोणी कोणाला दोष देत नाही. दोन्ही बाजूंची अब्रू राहते.

"अक्का, घ्या हो," मी म्हणालो, मोठ्या आवाजात, हात पसरून, रंगमंचावरून म्हणावं तसं. मला ठाऊक होतं त्या नाही म्हणणार.

"नाही हो भाऊ."

"घ्या, मला आनंदच आहे." हे जरा हळू निघालं.

"नाही, नाही. तुम्ही इतकी वर्षं करताय."

दोन झाले. इथं मला थांबता येत होतं. कोणी एक शब्द बोललं नसतं. शेठनी खांदे उडवले असते, अक्का आनंदाने पारोळ्याच्या गाडीत बसल्या असत्या, मंगळवारी पेट्या आल्या असत्या आणि मी गावभर सांगत फिरलो असतो की खेळ काय रंगला होता, पण लोकांना कदर नाही. सांगायला गोष्ट फार छान झाली असती. मी ती जन्मभर सांगितली असती. इलेक्ट्रिशियन खाली वाकून हॉर्नच्या तारा सोडवत होता. त्याने वर बघून विचारलं, "भाऊ, हे काढू की राहू देऊ?"

उत्तर मला अक्कांना द्यायचं होतं की त्याला, ते कळेना.

"राहू दे," मी म्हणालो. मग माइक उचलला आणि टेबलावरून पलीकडे जाऊन, दोन्ही हातांनी, त्यांच्यापुढे धरला. "अक्का, घ्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मी हसत होतो की नाही, मला आठवत नाही. मग त्यांनी माइक घेतला आणि शेजारणीकडून आलेलं भांडं पुसून घ्यावं तसा पदराने पुसला, तोंडापाशी नेला, काहीतरी बोलून बघितलं. आवाज आला नाही.

"बटण खालच्या बाजूला आहे, अक्का," मी म्हणालो.